जजबाईंच्या सोयरिकी

पहिल्याच भेटीत बाईंनी मला विचारलं होतं, "लग्न झालंय?" भाड्याने खोली बघायला आलेल्या बाईला कुठलीही घरमालकीण हे विचारतेच, म्हणून मी हो म्हटलं. पुढचा प्रश्न मात्र मला तोवर कोणी विचारला नव्हता, नवऱ्यानेसुद्धा नाही. "सुखात आहात?" मी "हो, म्हणजे तसं बघितलं तर" अशी सुरुवात केली. बाईंनी चष्म्याच्या डबीने टेबलावर टकटक केलं आणि म्हणाल्या, "हो की नाही, एवढंच सांगा." मी हो म्हटलं. मागच्या अंगणातल्या दोन खोल्या मला मिळाल्या.

आता माझी बदली संग्रामपूरकडे झाली आहे, नवरा आणि मी एका घरात राहतो, आणि तो प्रश्न मी अधूनमधून त्यालाही विचारते. तोही "तसं बघितलं तर" असंच सुरू करतो.

बाई निवृत्त न्यायाधीश होत्या. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कौटुंबिक न्यायालयात काढली होती. मोताळा तालुक्यातलं ते गाव त्यांचं माहेर. गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, पहिली वकीलीण, पहिली जज, असं सगळं पहिलंपहिलं त्यांच्याच नावावर होतं. मी शिकवायचे त्या गावच्या शाळेत पाहुणे आले की आमचे हेडमास्तर ते तोंडपाठ म्हणून दाखवायचे. निवृत्तीनंतर बाई एखाद्या समितीवर जातील, नाहीतर नागपूरला फ्लॅट घेतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. बाईंनी गावात शाळेच्या मागे घर बांधलं, गच्चीवर पाण्याची टाकी बसवली, आणि एक दिवस जाहीर केलं की आपण आता सोयरिकी जुळवणार.

गाव आधी हसलं, मग काळजीत पडलं. कारण बाईंनी स्वतः लग्न केलेलं नव्हतं. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या काकूंनी त्यांना तोंडावर विचारलंसुद्धा, की तुम्हाला यातलं काय कळतं. बाई म्हणाल्या, "माझं एकही मोडलं नाही. तुमच्या गल्लीत असं किती जणांना म्हणता येईल?" काकू घरी गेल्या आणि संध्याकाळपर्यंत हे वाक्य त्यांनीच गावभर पोचवलं.

बाईंची बोली हा एक वेगळाच विषय होता. एरवी त्या कोर्टातलं शुद्ध, इस्त्री केलेलं मराठी बोलत. रागावल्या की मात्र थेट वऱ्हाडीत उतरत. दूधवाल्याने पाणी घातलं तर पहिली ताकीद "आपण असं करणं योग्य नाही" अशी असायची आणि दुसरी "काऊन बे, म्हशीचं आंबोन विहिरीले चारून राह्यला का तू?" अशी. दूधवाला पहिल्या ताकिदीला मुळीच घाबरत नसे.

सोयरिकीच्या कामात मी त्यांची शिरस्तेदार झाले. म्हणजे मी काही कबूल केलं नव्हतं, पण रविवारी सकाळी त्या अंगणातून हाक मारायच्या, "मास्तरीण, आज दोन प्रकरणं आहेत." मी म्हणायची, स्थळं म्हणा बाई, स्थळं. त्या "हो, स्थळं" म्हणायच्या आणि पुढच्याच वाक्यात "पहिल्या प्रकरणातला मुलगा" असं सुरू करायच्या. मुलीला पाहायचा कार्यक्रम त्यांच्याच बैठकीच्या खोलीत व्हायचा. मंडळी ओट्यावर थांबायची आणि मी दारात उभी राहून त्यांना आत बोलवायची. एकदा मी मुलाकडच्यांना नावाने दोनदा पुकारलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांची दुपारची सुट्टी. दीड वाजला की बाई उठणार म्हणजे उठणार. समोर मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी असो, की मुलाचे मामा शेतीचं वर्णन करत असोत. बाई उठल्या की सगळी बैठक ताडकन उभी राहायची. मग त्या आत जाऊन कळण्याची भाकरी आणि ठेचा खायच्या, थोडा वेळ आडव्या व्हायच्या, आणि बाहेर दोन्हीकडची मंडळी एकमेकांकडे बघत बसायची. खरं सांगायचं तर थोडीफार ओळख व्हायची ती त्याच वेळात. बाईंना मी हे कधी सांगितलं नाही.

त्यांनी साधेपणाने वागायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा ठरवून त्या खुर्चीवरून उतरून सतरंजीवर बसल्या. जजबाई खाली बसल्या म्हटल्यावर बाकीचे सतरंजी सोडून फरशीवर गेले, फरशीवरचे उंबऱ्याबाहेर गेले, आणि नवरा मुलगा अंगणात पेरूच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. बाई परत खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता, आणि मला त्यांची खरोखर दया आली.

पण गावात त्यांची खरी ख्याती झाली ती त्यांच्या नियमामुळे. नियम असा की दोन्ही बाजूंनी आपलं उणं आधी सांगायचं. गुण मग. बाईंचं म्हणणं होतं की त्यांच्यासमोर आलेल्या बहुतेक भांडणांचं मूळ "लग्नाआधी सांगितलं नव्हतं" या तीन शब्दांत असायचं. तेव्हा सगळं आधीच सांगून टाकलं तर पुढे भांडायला उरतं काय? आता, आमच्याकडे सोयरीक म्हणजे काय असते? मुलगा पुण्याला कंपनीत असतो, आणि कंपनीत काय करतो ते लग्नानंतर कळतं. मुलीला सगळा स्वयंपाक येतो, आणि तो तिची आई करते. दोन्हीकडच्यांना हे माहीत असतं आणि दोन्हीकडचे मान डोलावतात. तिथे बाई मुलाच्या बापाला विचारणार, "तुमच्या मुलाचं उणं काय?" बाप गांगरून म्हणणार, "पोरगं सोनं हाये जी." बाई म्हणणार, "ते नंतर. आधी उणं."

एकाने उणं म्हणून मुलाला गोड फार आवडतं असं सांगितलं. बाईंनी ती कबुली अपुरी ठरवून त्या मंडळींना पुढच्या रविवारची तारीख दिली.

मग ते चालण्याचं. एका मुलाच्या आईने मुलीला जुन्या रिवाजाप्रमाणे चालून दाखव म्हटलं. बाईंनी हरकत घेतली नाही. मुलगी चालली. बाई म्हणाल्या, आता मुलाने चालावं. मुलगा बिचारा उठला, भिंतीपर्यंत गेला, वळला आणि स्वतःच्याच बहिणीच्या पायात अडखळून टीपॉयवर पडला. मुलगी खळखळून हसली. मुलगाही हसला. माझ्या मते ते लग्न तिथेच ठरलं होतं. पण मुलाची आई घोर अपमान झाल्यासारखी उठली आणि तिच्यामागे सगळे उठले.

वकिलांचा प्रसंग तर तालुक्यात अजून सांगतात. एका मुलाच्या वडिलांनी विचार केला, समोर जज आहे, तर आपण साधी माणसं तिथे काय बोलणार? त्यांनी बुलढाण्याहून वकील आणला. ही बातमी मुलीच्या मामांना कळल्यावर त्यांनी मलकापूरहून दुसरा आणला. दोघेही काळा कोट घालून आले. मुलाच्या वकिलाने उभं राहून मुलाचे गुण सांगितले, मुलीच्या वकिलाने प्रत्येक गुणाला पुरावा मागितला. मी दोघांनाही पोहे दिले. बाईंनी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं, पण जुन्या सवयीने त्या ऐकतच गेल्या, डोळे मिटून, मान हलवत. मी इतक्या आनंदात त्यांना क्वचितच पाहिलं असेल. शेवटी त्यांनी सगळ्या मुद्द्यांचा क्रमाने विचार करून, मुलीने या मुलाला नकार द्यावा असा तोंडी निकाल दिला. मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "वरच्या कोर्टात जाता येईन का जी?" ते चेष्टा करत नव्हते.

असं सगळं होतं. बाईंकडे येऊन एकही लग्न जुळलं नव्हतं. लोक त्यांना टाळायला लागले. एखाद्या घरी पाहुणे येणार असले की "जजबाईले कळू देऊ नका" असा निरोप आधी फिरायचा. बाजाराच्या दिवशी मोताळ्याला त्यांना बघून ओळखीची माणसं भाजीच्या दुकानांमागून निघून जायची. बाईंना हे दिसत होतं.

एका संध्याकाळी आम्ही ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी सहज म्हटलं, की बाई, कशाला हा व्याप? बाईंनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाल्या की मी नोकरीत काम चांगलं केलं, लोकांनी नाव काढलं, पण माझ्या प्रत्येक चांगल्या कामाच्या शेवटी एक घर मोडलेलं असायचं. "एक लग्न लागलेलं बघायचंय मला, ज्यात माझा हात आहे. एकच पुरे." एवढंच बोलून त्यांनी शेंगांचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. मला तोवर वाटत होतं की हा त्यांचा निवृत्तीतला विरंगुळा आहे. त्या दिवसापासून मी त्यांच्या रविवारांची थट्टा करायची ती फक्त मनातल्या मनात.

आणि मग गजानन आला. रोहिणखेडकडचा, भाजीपाल्याची शेती, वांगी आणि मिरची. वय पस्तिशीच्या पुढे. शेती करतो म्हटल्यावर मुली नाही म्हणायच्या, तसं त्यालाही पुष्कळ जणींनी नाही म्हटलं होतं. तो एकटाच आला, चप्पल बाहेर काढून खुर्चीच्या टोकावर बसला, आणि बाईंनी विचारायच्या आत म्हणाला की मी घोरतो, मला पटकन बोलायला सुचत नाही, आणि आईच्या आजारपणात माझं बारावी राहून गेलं ते राहूनच गेलं. बाई त्याच्याकडे असं बघत राहिल्या की मला वाटलं आता या मुलाला कडेवर घेतात की काय. तो गेल्यावर म्हणाल्या, "मास्तरीण, हे प्रकरण मला जिंकायचंच आहे."

मुलगी त्यांनी लोकांना विचारून विचारून शोधली. वर्षा तिचं नाव. मोताळ्यात शिवणकाम करायची, दुकान तिचं स्वतःचं. एकदा लग्न होऊन घटस्फोट झालेला, हे तिच्या मामांनी आधीच फोनवर सांगितलं होतं. बाईंनी त्या रविवारी पांढऱ्याऐवजी निळी साडी नेसली. पोहे स्वतः केले, तेही शेव वरून घालायची विसरून.

गजानन आणि त्याचा मोठा भाऊ आधी येऊन बसले. मग वर्षा, तिची आई आणि मामा. वर्षा दारात जरा थांबली, बाईंकडे बघितलं आणि आत येऊन बसली. नियमाप्रमाणे गजाननने आपलं घोरणं वगैरे सांगून टाकलं. बाई वर्षाकडे वळल्या.

वर्षा म्हणाली, "मी एकदा नांदून आली. अन् हा उजवा हात पुरा वर जात नाही. शिवाले अडचण नाही, पण डोक्यावर ओझं घेता येत नाही."

हाताचं मामांनीही सांगितलं नव्हतं. बाईंनी चष्मा नीट केला आणि सवयीने विचारलं, की निकाल कुठल्या कोर्टात लागला?

"तुमच्याच," वर्षा म्हणाली.

बाईंना ती आठवत नव्हती. ते त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. वर्षाने आवाज न चढवता सांगितलं. "मी पयले आली तवाच सांगितलं होतं, मले जायचं नाही म्हणून. त्यानं तुमच्यासमोर माफी मागतली. तुमी म्हणाल्या, दिवाळीपर्यंत नांदून पाहा, घर मोडू नाही. मी गेली. दिवाळीच्या आधी हात मोडला. मंग तुमी लगेच सही केली."

तिची आई तिचा पदर ओढत होती. मी बाईंकडे बघत होते. मला वाटलं आता बाई कायदा सांगतील. त्या वेळी समोर पुरावा काय होता, समेटाचा प्रयत्न करणं कसं बंधनकारक असतं, हे सगळं त्यांना सांगता आलं असतं, आणि ते खोटंही नसतं. बाई खुर्चीवरून उठल्या. सगळे उठायला लागले, तर त्यांनी हाताने सगळ्यांना बसवलं. उभ्यानेच म्हणाल्या, "चुकलं माह्यं."

वर्षाने मान हलवली, ऐकलं एवढ्यापुरती. मग गजाननकडे बघितलं. तो लाल झाला होता आणि त्याला अर्थातच काही सुचत नव्हतं. ती म्हणाली, "मले याच्यासंगं बोलायचं हाये. पण या घरात नाही, अन् तुमच्यासमोर नाही. माह्यं मी पाहीन. तुमी याच्यात पडू नका, अन् काय झालं म्हणून कोणाले इचारूबी नका."

बाई म्हणाल्या, "नाही विचारणार." मंडळी गेली. पोहे तसेच राहिले. घड्याळात दीड वाजून गेला होता, आणि बाई जेवायला उठल्या नाहीत.

त्यानंतर रविवार बंद झाले. कोणी चुकून स्थळ घेऊन आलंच तर बाई सांगायच्या की आता मी ते काम करत नाही. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग गावालाच करमेना. समोरच्या काकू मला विचारायच्या, जजबाईंची तब्येत बरी आहे ना.

तब्येत बरी होती, पण त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळणं त्यांना भारी जड जात होतं. विचारायचं नाही म्हणजे नाही. पण बाजारातून वांगी आणायला तर कोणी मनाई केली नव्हती. दर बाजाराला त्या मला म्हणायच्या, "मास्तरीण, वांगी संपली वाटतं." मी गजाननच्या दुकानावरून वांगी आणायची. बाई प्रत्येक वांगं उलटंपालटं करून बघायच्या आणि म्हणायच्या, चांगली आहेत, म्हणजे शेताकडे लक्ष आहे. एकदा वांगी किडकी निघाली तर त्यांनी रात्री जेवण टाकलं. मी गजाननला काही विचारत नव्हते आणि तोही सांगत नव्हता, फक्त वजन करून झाल्यावर एक वांगं जास्तीचं टाकायचा. आम्ही दोघींनी त्या वर्षी इतकं भरीत खाल्लं की मला अजूनही भरीत नको वाटतं.

मग एका सकाळी अंगणात स्कूटी थांबली. चालवत होती वर्षा. मागे गजानन, मांडीवर वांग्यांची पिशवी धरून. वर्षा उतरली नाही. तिथूनच म्हणाली, की आम्ही उद्या बुलढाण्याला नोंदणी पद्धतीने लग्न करतोय. मोठं काही नाही. "सहीले माणसं कमी पडून राह्यली. येता का तुमी दोघी?"

बाईंनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

आम्ही कार्यालय उघडायच्या आधी तिथे पोचलो होतो. बाईंनी निळीच साडी नेसली होती. खिडकीतला कारकून तरुण होता, नवा असावा, त्याला बाई कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी काही विचारायला तोंड उघडलं तर तो मान वर न करता म्हणाला, "आजी, तिकडे बाकावर बसा. पुकारलं की या." मला घाम फुटला. बाई निमूटपणे जाऊन बाकावर बसल्या. शेजारी एक म्हातारा शेतकरी जमिनीच्या कामाला आला होता, तो सरकून त्यांना जागा देत म्हणाला, बसा, इथं वेळ लागते. बाई म्हणाल्या, लागू द्या.

पुकारा झाला. गजाननच्या भावाने आधी सही केली. मग कारकुनाने बाईंचं आधार कार्ड बघितलं आणि विचारलं, "मुलीच्या कोण लागता?"

अख्खा तालुका ज्यांच्या एका प्रश्नाने चळचळ कापायचा, त्या बाई या साध्या प्रश्नाला अडल्या आणि वर्षाकडे बघायला लागल्या. वर्षा गजाननच्या शर्टाची कॉलर नीट करत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

"ओळखीच्या हायेत," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "जुन्या ओळखीच्या. लिहा तसं."

माझे डोळे भरून आले होते, मला समोरचं नीट दिसत नव्हतं. पण एवढं दिसलं की बाईंनी सही केली, सहीखाली हुद्दा लिहायला सवयीने पेन टेकवलं, आणि उचललं. नुसतं नाव तिथे राहिलं. मग त्यांनी ते पेन माझ्या हातात दिलं, कारण तिसरी सही माझी होती.